ऐकणाऱ्यालाही जागा हवी

लहानपणी आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. दिवेलागण झाली, की माजघरात चौरंगावर पोथी यायची, समईची वात सारखी केली जायची आणि शेजारपाजारच्या चार-सहा बायका हातातलं काम टाकून येऊन बसायच्या. एखाद्या वर्षी शिवलीलामृत, एखाद्या वर्षी हरिविजय. मोठे काका वाचायचे. त्यांना खोकल्याची उबळ आली, की पोथी आम्हा मुलांपैकी कुणाच्या तरी पुढ्यात सरकायची. आम्ही अडखळलो, की आजी हळूच पुढचा शब्द सांगायची. आजीला अक्षरओळख नव्हती. दर वर्षी ऐकून ऐकून तिला अध्यायच्या अध्याय पाठ झाले होते.

आज 'कुटुंबानं एकत्र वाचावं' असं आपण म्हणतो, तेव्हा मला ते माजघर आठवतं. त्या वाचनाला वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती. कुणी वाचायचं, कुणी अर्थ सांगायचा, कुणी नुसतं ऐकायचं. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही तिथं मानाची जागा होती.

वाचन वाढावं म्हणून आपल्याकडं प्रयत्न होत नाहीत, असं मुळीच नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला आणि पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोचवल्या. २०१७ मध्ये पाचगणीजवळचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथल्या गावकऱ्यांनी राहत्या घरातली जागा पुस्तकांसाठी दिली. पुस्तक दारापर्यंत आलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण दारातून आत, घरातल्या चार माणसांच्या मधोमध ते कसं यावं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या वसाहतीत 'पालक-बालक वाचन' असा कार्यक्रम ठेवला. फलक लावला, पाहुणे बोलावले, जास्त पुस्तकं वाचणाऱ्या मुलाला बक्षीस ठेवलं. भाषणं झाल्यावर मीच उत्साहानं पुढं झालो आणि पहिल्या रांगेतल्या एका वडिलांच्या हाती पुस्तक देऊन म्हणालो, "मुलासाठी एक पान मोठ्यानं वाचा." त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं. मग म्हणाले, "चष्मा घरी राहिला." शेजारी बसलेलं त्यांचं पोरगं भाबडेपणानं बोलून गेलं, "पण बाबा, तुम्हाला कुठं चष्मा आहे?"

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. त्या गृहस्थांनी पुस्तक खुर्चीवर ठेवलं, मुलाचा हात धरला आणि ते निघून गेले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलानं वाचावं म्हणून कामावरचा अर्धा दिवस बुडवून आलेल्या माणसाला आम्ही त्याच्या मुलादेखत खाली पाहायला लावलं होतं. पुढचे कित्येक दिवस ते दोघं दिसले, की मीच रस्ता बदलायचो.

पुढच्या वर्षी आम्ही फलक, पाहुणे, बक्षिसं सगळं काढून टाकलं. गच्चीवर सतरंजी घातली. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास, एकच पुस्तक. ज्याला वाटेल त्यानं वाचायचं. आपण होऊन हात वर केल्याशिवाय कुणालाही 'वाचा' म्हणायचं नाही. वाचून झाल्यावर प्रश्न विचारून परीक्षा घ्यायची नाही. पुस्तक निवडलं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची रचनाच ऐकण्याची आहे. रोज रात्री मंडळी जमतात, श्याम आईची एक आठवण सांगतो आणि प्रकरणांना नावही 'रात्र' असंच आहे. एका बैठकीला एक रात्र पुरते.

मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. पण मुलगा यायला लागला. काही आठवड्यांनी तेही दिसले; आत नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर. एका शनिवारी पत्रावळीची गोष्ट निघाली. मुलांनी विचारलं, पानं एकमेकांना चिकटतात कशी? आम्हा वाचणाऱ्यांपैकी कुणालाच ते नीट सांगता येईना. तेव्हा पायरीवरून आवाज आला, "चिकटत नाहीत, काडीनं टाचतात." पुढच्या शनिवारी ते पळसाची पानं घेऊन आले. त्या दिवशी गोष्ट अर्धीच वाचून झाली आणि बारा वेड्यावाकड्या पत्रावळी तयार झाल्या.

ते आजही वाचत नाहीत. पण मुलगा घरी त्यांना वाचून दाखवतो, आणि मध्येच थांबला तर "मग पुढं?" असं विचारणारं घरात कुणी तरी आहे. पानापानाला "पुढं?" विचारणारा असला, की वाचणाऱ्याला पुस्तक खाली ठेववत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याच्या आधारानं गावोगावी वाचनालयं उभी आहेत. त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ घरच्या मंडळींना एकत्र बसून ऐकण्यासाठी ठेवावी. गणेशोत्सवात, सप्ताहात, सोसायटीच्या संमेलनात एक बैठक अशी ठेवता येईल. भाषण नको, स्पर्धा नको. आजी-आजोबांना, ज्यांची शाळा राहून गेली त्यांना, परभाषक सुनेला आणि अजून अक्षरं न लागलेल्या चिमुरड्याला, सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवावं.

आणि घरी? जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं पुरेत. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. वाचायचं मुलाकडं द्यावं, आपण ऐकावं. तो अडखळला तर लगेच चूक काढू नये. माझी आजी नुसता पुढचा शब्द सांगायची.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)