भाकरी सोडू नका, साखर सोडा

वरणगाव-भुसावळ परिसरातल्या गरोदर भगिनींनो, तपासणीत साखर वाढलेली निघाली, म्हणून भाकरी-भात पार बंद करू नका. गरोदरपणात रोज साधारण 175 ग्रॅम कर्बोदकं लागतातच. ती फार कमी पडली, तर रक्तात कीटोन वाढतात. कमी करायचं ते साखर, गूळ, मैदा आणि गोड चहा. ताटात कळण्याची भाकरी घ्या. तिच्या पिठात ज्वारीसोबत उडीद असल्यानं प्रथिनंही मिळतात. जोडीला भरीत, मेथी, दही. केळं एका वेळी अर्धंच. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर 140 किंवा जास्त आली, तर आहार डॉक्टरांच्याच सल्ल्यानं ठरवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.