डिझेलची बचत आणि हवेचा हिशेब



मालमोटारीच्या मालकाला नफा कशात आहे असे विचारले, तर तो बहुधा एकाच शब्दात उत्तर देतो : मायलेज. मालवाहतुकीच्या चालू खर्चात डिझेलची बाब सर्वांत मोठी असते. एका लिटरमागे पाव किलोमीटर जरी अधिक मिळाले, तरी वर्षअखेरीस हिशेबाच्या वहीत फरक दिसतो. म्हणूनच महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये एक सल्ला वारंवार दिला जातो : इंजिनावरील प्रदूषण रोखणारी यंत्रणा बंद करून टाका, गाडी हलकी पळेल आणि डिझेल वाचेल.

हा सल्ला पूर्णपणे खोटा नाही आणि खरी अडचण तेथेच आहे. तो निव्वळ खोटा असता, तर अर्थशास्त्राला त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. एका व्यक्तीची बचत आणि समाजाची बचत या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, हे अर्थशास्त्रातील मूलभूत तत्त्व समजून घेण्यासाठी डिझेल इंजिनाइतके उत्तम उदाहरण क्वचितच मिळेल.

इंजिनात काय घडते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. या अधिक दाबामुळे डिझेल इंजिन कार्यक्षम ठरते. मात्र, ज्या उच्च तापमानामुळे इंधनातून अधिक काम मिळते, त्याच तापमानाला हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ही ऑक्साइडे श्वसनमार्गाला अपाय करतात; सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि हवेतील सूक्ष्म कणांतही भर पडते. तापमान कमी केले, तर ही ऑक्साइडे घटतात. पण काजळी वाढते आणि इंधनही थोडे अधिक लागते. म्हणजे कार्यक्षमता, काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइडे यांची तिहेरी ओढाताण डिझेल इंजिनाच्या स्वभावातच आहे.

ती सोडविण्यासाठी तीन साधने वापरली जातात. पहिले साधन ईजीआर होय. त्यात धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो आणि ज्वलनाचे तापमान खाली येते. दुसरे साधन म्हणजे डीपीएफ ही काजळीची गाळणी. तिच्यामुळे धुराच्या वाटेत अडथळा निर्माण होतो आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी अधूनमधून जादा इंधन खर्च करावे लागते. तिसरे साधन एससीआर. त्यात धुरावर ३२.५ टक्के युरिया असलेले द्रावण फवारले जाते आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने नायट्रोजन ऑक्साइडांचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात होते.

पहिली दोन साधने इंधनाच्या दृष्टीने थोडी महाग पडतात. तिसऱ्याचे गणित वेगळे आहे. प्रदूषके इंजिनाबाहेर नष्ट करता येत असल्याने इंजिन अधिक कार्यक्षम ठेवता येते. मात्र युरियाच्या द्रावणाचा खर्च येतो. बंद पाडण्याचा मोह तिन्ही साधनांबाबत होतो. पहिल्या दोहोंत डिझेल वाचण्याची आशा असते, तर तिसऱ्यात द्रावणाचे पैसे वाचतात.

अमेरिकेचा धडा

हा मोह केवळ छोट्या मिस्त्रींना किंवा ट्रकमालकांना होतो, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील अवजड वाहनांच्या डिझेल इंजिनांचे जवळजवळ सर्व उत्पादन ज्यांच्या हाती होते, अशा सात कंपन्यांशी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑक्टोबर १९९८ मध्ये तडजोड केली. या कंपन्यांच्या इंजिनांतील संगणकीय नियंत्रण प्रयोगशाळेतील चाचणीच्या वेळी मर्यादा पाळत असे. पण गाडी महामार्गावर एकाच वेगाने धावू लागली, की इंधन सोडण्याची वेळ अलीकडे आणून ते डिझेलची बचत साधत असे आणि नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन मर्यादेच्या तीन पटीपर्यंत होत असे. अशी सुमारे १३ लाख इंजिने विकली गेली होती. कंपन्यांना ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड झाला आणि इतर उपायांसह एकूण खर्च सुमारे १०० कोटी डॉलरवर गेला.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले. चाचणी चालू असल्याचे ओळखणारी संगणक प्रणाली जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत बसविलेली होती. अमेरिकेत विकलेल्या मोटारींपैकी काहींचे रस्त्यावरील नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन मर्यादेच्या ४० पटीपर्यंत असल्याचे तेथील संस्थेने म्हटले.

दोन्ही प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे. नियम जेथे मोजमाप करतो, तेथेच त्याचे पालन होते. प्रयोगशाळेत मोजले, तर प्रयोगशाळेतील धूर स्वच्छ होतो. रस्त्यावरील हवा स्वच्छ होईलच असे नाही. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला व शासनाला ठाऊक नसणे, यालाच अर्थशास्त्रात माहितीची विषमता म्हणतात.

युरोपच्या अनुभवाला आणखी एक बाजू आहे. १९९७ च्या क्योटो करारानंतर कार्बन डायऑक्साइड कमी करण्याच्या हेतूने अनेक युरोपीय देशांनी डिझेल मोटारींना करसवलती दिल्या. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेव्हा इंधनाची बचत ही हवामानाच्या दृष्टीने खरीच बचत होय. परंतु शहरांतील नायट्रोजन डायऑक्साइडची समस्या त्यामुळे बिकट झाली. जागतिक हित आणि स्थानिक हित यांचा मेळ आपोआप बसत नाही, हे यावरून ध्यानात येते.

भारताची वाटचाल

भारतात डिझेल वाहनांसाठी उत्सर्जनाचे पहिले निकष १९९२ मध्ये आले. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन इंधन धोरणाचा अहवाल दिला आणि इंधन व वाहने यांचे निकष एकत्रितपणे, टप्प्याटप्प्याने कडक करण्याचा आराखडा मांडला. भारत स्टेज चार हे निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. त्यानंतर पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा टप्पा लागू करण्यात आला.

या उडीचा आवाका आकड्यांवरून कळतो. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. गंधकामुळे गाळणी व उत्प्रेरक निकामी होतात. म्हणून आधी इंधन सुधारणे अपरिहार्य होते. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर, तर कणांची मर्यादा २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर उतरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला होता, हे लक्षात घेता या कडक निकषांची गरज वेगळी सांगावयास नको.

दुसरीकडे, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. तोपर्यंत सरकारी दरांमुळे डिझेलची खरी किंमत ग्राहकापर्यंत पोहोचत नव्हती. ती पोहोचू लागताच बचतीची निकड वाढली, आणि बचतीच्या आडवाटांचे आकर्षणही वाढले.

मालकाचा हिशेब आणि समाजाचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक मालमोटार वर्षाला १ लाख किलोमीटर धावते आणि लिटरला ४ किलोमीटर जाते. म्हणजे वर्षाला २५,००० लिटर डिझेल लागेल. यंत्रणा बंद केल्याने ३ टक्के डिझेल वाचते असे उदारपणे गृहीत धरले, तर ७५० लिटर, म्हणजे ९० रुपये दराने ६७,५०० रुपये वाचतील. युरियाचे द्रावण डिझेलच्या ५ टक्के लागते व त्याचा दर लिटरला ५० रुपये आहे असे धरल्यास आणखी ६२,५०० रुपये वाचतील. एकूण मोह १ लाख ३० हजार रुपयांचा आहे.

आता कायद्याकडे पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत अनधिकृत बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वायुप्रदूषणाच्या निकषांचा भंग केल्यास कलम १९० अन्वये १०,००० रुपयांपर्यंत दंडाची, तसेच कारावासाचीही तरतूद आहे. केवळ रकमेचा विचार करू. पकडले जाण्याची शक्यता दहात एक धरली, तर १५,००० रुपयांच्या दंडाचे अपेक्षित मूल्य फक्त १,५०० रुपये होते. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडलेला विचार हाच आहे : गुन्ह्यापासून परावृत्त करणारी गोष्ट केवळ दंडाची रक्कम नसून, दंड आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार होय.

ही शक्यता कमी का राहते? नेहमीच्या पीयूसी तपासणीत डिझेल वाहनाच्या धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जात नाहीत. ईजीआर बंद केल्यास काजळी घटते आणि ही ऑक्साइडे वाढतात. म्हणजे यंत्रणा बंद केलेली गाडी या तपासणीत अधिक स्वच्छ ठरू शकते. डोळ्यांना दिसणारा धूर कमी झाला आणि न दिसणारा वायू वाढला, तरी प्रमाणपत्र मिळते.

मालकाच्या वहीत काही बाबी नोंदविल्याच जात नाहीत. त्यांतील काही त्याच्या स्वतःच्या आहेत : वाहनाची हमी संपुष्टात येणे, आणि नव्या वाहनांत द्रावण न मिळाल्यास नियंत्रण प्रणालीने इंजिनाची ताकद आपोआप कमी करणे. परंतु सर्वांत मोठी बाब इतरांच्या वहीत जाते. महामार्गालगत राहणारे कुटुंब, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस आणि रस्त्याकडेच्या शाळेतील मूल हे त्या वाचलेल्या डिझेलची किंमत श्वासाने आणि औषधोपचाराने चुकवितात. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये खाजगी आणि सामाजिक हिशेबातील ही तफावत दाखवून दिली. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये असे सुचविले, की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर संबंधित पक्ष परस्परांत तोडगा काढू शकतात. पण लाखो वाहने आणि कोट्यवधी श्वास घेणारे यांच्यात वाटाघाटी कशा व्हाव्यात? येथे नियमनाला पर्याय उरत नाही.

उपायांची दिशा

पहिला उपाय मोजमापाचा आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या दुसऱ्या टप्प्यात मोटारींच्या प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनालाही मर्यादा घालण्यात आली. ही दिशा योग्य आहे. मात्र, ती नव्या वाहनांपुरती न राहता, वापरातील जुन्या ट्रकांच्या नियतकालिक तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडांचा आणि यंत्रणा शाबूत असण्याचा समावेश झाला पाहिजे.

दुसरा उपाय किमतीचा. युरियाचे दर्जेदार द्रावण महामार्गावर सर्वत्र व रास्त दरात मिळाले, तर नियम पाळण्याचा खर्च घटेल. २०२१ च्या अखेरीस चीनने निर्यातीवर निर्बंध आणताच दक्षिण कोरियात या द्रावणाचा तुटवडा पडला आणि मालवाहतूक ठप्प होण्याची भीती निर्माण झाली. स्वच्छ हवेचे धोरण पुरवठ्याच्या साखळीवरही अवलंबून असते, हे त्यावरून दिसून येते.

तिसरा उपाय जबाबदारीचा. केवळ चालकाला किंवा मालकाला दंड करणे पुरेसे नाही. यंत्रणा बंद करण्याची साधने विकणारे आणि तसा व्यवसाय करणारे यांच्यापर्यंत कायदा पोहोचला पाहिजे. तपासणी करावयाच्या गॅरेजांची संख्या ट्रकांच्या मानाने फारच थोडी असल्याने हा मार्ग कमी खर्चाचाही ठरेल.

चौथा उपाय खऱ्या बचतीचा. टायरमधील हवेचा योग्य दाब, स्वच्छ एअर फिल्टर, संयमित वेग, वाजवी भार आणि उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे यांतून वाचणारे डिझेल कोणाच्याही फुफ्फुसांवर भार टाकत नाही. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ पासून हेच सांगत आली आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील करनाके हटले आणि फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाला. त्यामुळे रांगेत उभे राहून जळणारे इंधन वाचते. अशी बचत मालकाच्या आणि देशाच्याही वहीत जमेच्या बाजूलाच पडते. आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल आयात होत असताना तिचे मोल आणखी वाढते.

एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या व्यावसायिकाला उपदेशाचा उपयोग नाही. त्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो. नियम पाळणाऱ्याने तोटा सोसावा आणि मोडणाऱ्याने त्याच्यापेक्षा कमी भाड्यात माल वाहावा, अशी स्पर्धा बाजारात राहिली, तर प्रामाणिक माणूसही फार काळ टिकणार नाही. म्हणून प्रामाणिकपणा परवडेल अशी व्यवस्था निर्माण करणे, हे धोरणकर्त्यांचे काम होय. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही बचतीचा दावा तपासताना एक प्रश्न अवश्य विचारावा : जे वाचले, ते खरोखर वाचले, की त्याचे देयक दुसऱ्याच्या नावावर गेले?