गाडी बोलते, आपण ऐकतो का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

कवी म्हणवणाऱ्या माणसाने मोटार चालवण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण मराठी घेऊन बी.ए. पर्यंतचे. पाना-पक्कड हाती धरण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला. पण माझे अब्बा ट्रकचालक होते. पुणे ते बंगळूर ही त्यांची नेहमीची वाट. आणि कवीचे काम तरी दुसरे काय असते? खुणा वाचायच्या आणि त्यांचा अर्थ लावायचा. आजच्या मोटारीत बसले की समोर खुणाच खुणा असतात. त्या वाचता न आल्यामुळे, किंवा वाचूनही न मानल्यामुळे माणसे जातात. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

चाकावर बसलेल्या माणसाशी तिघे जण बोलत असतात: रस्ता, गाडी आणि नकाशाचा पडदा. तिघांचेही ऐकावे. मात्र पहिला मान रस्त्याला, दुसरा गाडीला आणि शेवटचा पडद्याला. हा क्रम उलटला की घात होतो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

आधी गाडीची भाषा पाहू. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी समोरचे बरेचसे दिवे क्षणभर लागतात आणि मग विझतात. पुष्कळांना ही नुसती रोषणाई वाटते. खरे तर ती हजेरी असते. मास्तरांनी नाव पुकारावे आणि मुलाने ‘हजर’ म्हणावे, तसा प्रत्येक दिवा आपण जिवंत असल्याचे सांगतो. एखादा दिवा हजेरीला लागलाच नाही, तर संकटाच्या वेळीही तो लागणार नाही. जो हजेरी संपल्यावरही विझत नाही, त्याला काही सांगायचे आहे. या चित्रखुणा जगभर साधारण सारख्याच असतात, कारण त्यांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे ही लिपी एकदा शिकली की गाडी बदलली तरी उपयोगी पडते.

रंगांचा अर्थ तर शाळकरी पोरही सांगेल. हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. तांबडा म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा. तांबड्यांत एक चित्र अल्लाउद्दिनच्या दिव्यासारखे दिसते. तोटीतून थेंब पडतो आहे, अशी ती तेलाची झारी असते. इंजिनातल्या ऑइलचा दाब गेला, असे ती सांगते. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ हा विचार इथे चालत नाही. इंजिन ताबडतोब बंद करायचे, नाहीतर काही मिनिटांत ते निकामी होऊ शकते. लाटांवर उभा असलेला थर्मामीटर म्हणजे इंजिन तापले. तेव्हा थांबावे, पण घाईने रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले उकळते पाणी दाबाने उसळते आणि हात-तोंड भाजते. वर्तुळातले उद्गारचिन्ह ब्रेकचे असते. हँडब्रेक ओढलेला राहिला असेल किंवा ब्रेक ऑइल कमी झाले असेल. हँडब्रेक सोडूनही तो दिवा गेला नाही, तर गाडी पुढे नेऊ नये.

पिवळ्यांत एबीएसचा दिवा असतो. तो लागला तर साधा ब्रेक सहसा चालतो, पण जोरात दाबल्यावर चाके जाम होऊ न देण्याची सोय गेलेली असते. घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह दिसले, तर टायरमधली हवा कमी आहे. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गॅरेज गाठावे. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करावा आणि गाडी फार न ताणता दाखवून घ्यावी.

गंमत अशी की आपण गाडीला लिंबू-मिरची बांधतो. कोणी काचेवर 786 लिहितो, कोणी आरशाला माळ, तावीज किंवा बाळाचे इवलेसे बूट लटकवतो. श्रद्धेला माझे काही म्हणणे नाही. पण नजर लागू नये म्हणून एवढी काळजी घेणारा माणूस समोर पेटलेल्या दिव्याकडे महिनोन्‌महिने नजर टाकत नाही! आरशाला लोंबणाऱ्या वस्तूंमुळे समोरचा रस्ता झाकतो, हेही त्याच्या लक्षात येत नाही.

आता रस्त्याकडे वळू. पुणेकरांना मुंबई-बंगळूर महामार्गावरचा नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर एक अवजड वाहन एकामागून एक अनेक गाड्यांवर आदळले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. 13 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच भागात पुन्हा भीषण अपघात झाला. अवजड वाहनांच्या मध्ये मोटार चिरडली, आग लागली आणि आठ माणसे गेली. रस्त्याची आखणी, उताराचा कोन, वाढलेली वस्ती, वेगावरचे नियंत्रण या गोष्टींचे उत्तर शासनाने आणि अभियंत्यांनी द्यायचे आहे, आणि ते मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण ते उत्तर येईपर्यंत आपल्याला रोज तिथूनच जायचे आहे.

अब्बांच्या काळी हा बोगदा नव्हता. ते जुन्या कात्रज घाटाने आणि खंबाटकीने जात. त्यांचा एक नियम होता. आमच्या दखनीत ते म्हणत, “जिस गिअर में चढ्या, उसी में उतरने का.” ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. जुन्या चालकांच्या तोंडी हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. त्यामागचे कारण साधे आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे खेचून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. न्यूट्रल केले की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत दाबून ते तापतात, आणि फार तापलेला ब्रेक धरेनासा होतो. पाय पेडलवर असतो, पण गाडी ऐकत नाही. इंजिनच बंद केले तर आणखी वाईट. मोटारीत ब्रेकला जोर देणारी यंत्रणा इंजिनावर अवलंबून असते. दोन-तीनदा दाबेपर्यंत साठलेला जोर पुरतो, मग पेडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगही जड होते. ट्रकच्या ब्रेकला हवा लागते, आणि ती भरणारा पंप इंजिनावरच चालतो.

हे सारे डिझेल वाचवण्यासाठी! साताऱ्याहून कविसंमेलन आटोपून आम्ही चौघे एकदा रात्री परतत होतो. चाकावर एक मित्र होते, उत्तम गझल लिहिणारे. बोगदा ओलांडताच त्यांनी गाडी न्यूट्रल केली आणि अभिमानाने म्हणाले, “बघा, इथून नवले पुलापर्यंत फुकट.” मी अब्बांचा नियम सांगितला. ते हसले, पण त्यांनी गिअर टाकला. खरे तर हल्लीच्या गाड्यांत हा हिशेबच चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंजिनाला जाणारे इंधन यंत्रणा आपणहून तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे इंधन जाळावेच लागते. म्हणजे ते ‘फुकट’ प्रत्यक्षात महागच असते.

आता तिसरा बोलणारा, म्हणजे नकाशा. त्याचे उपकार मी नाकारत नाही. आडगावच्या कार्यक्रमाला त्यानेच मला अनेकदा वेळेवर पोचवले आहे. पण जानेवारी 2021 मधली अकोले तालुक्यातली घटना आठवावी. पुण्याकडून कळसूबाईला निघालेली मंडळी रात्री नकाशाच्या भरवशावर कोतूळजवळच्या रस्त्याला लागली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याने तिथला पूल बुडालेला होता. पडद्यावर मात्र रस्ता सरळ दिसत होता. गाडी पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. तिथेही वाट नकाशाने दाखवली होती, असे सांगितले गेले.

नकाशाला पाणी दिसत नाही. आपण पुलावर आहोत की पुलाखाली, याचाही त्याचा अनेकदा गोंधळ उडतो. चांदणी चौकातल्या एकावर एक गेलेल्या रस्त्यांवर हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. बोगद्यात उपग्रहाचा संदेश तुटतो. गणेश विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतला कोणता रस्ता कोणत्या घडीला बंद होईल, हे चौकातल्या पोलिसाला विचारावे, फोनला नव्हे. रात्री, पावसात, अनोळखी आडरस्त्यावर नकाशा एक सांगत असेल आणि समोर अंधार किंवा पाणी दिसत असेल, तर गाडी थांबवावी. टपरीवर विचारावे. पुण्यात पत्ता विचारला तर चार शब्द जादा ऐकावे लागतील, पण बुडालेल्या पुलावर कोणी धाडणार नाही.

पडद्याकडे पाहण्याचाही हिशेब आहे. ताशी साठच्या वेगाने गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. म्हणजे तीन सेकंद फोनकडे पाहिले, की पन्नास मीटर आपण डोळे मिटून गेलो. ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चालकाला हातातले असे साधन फक्त वाट पाहण्यासाठी वापरण्याची मुभा आहे, आणि तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा ठिकाण निघण्यापूर्वीच टाकावे, आवाज चालू ठेवावा, आणि वाटेत काही बदलायचे झाले तर शेजारी बसलेल्याला सांगावे.

एवढे करूनही गाडी कधीतरी बंद पडतेच. मग चारही इंडिकेटर एकदम लावण्याची वेळ येते. ते दिवे थांबलेल्या किंवा ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी आहेत. आपल्याकडे बोगद्यात, पावसात, आणि चौकात ‘मी सरळ जाणार’ हे सांगण्यासाठीही ते लावतात. मग ही गाडी उभी आहे की चालली आहे, डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळायचे कसे? पावसात हेडलाइट लावावेत आणि वेग कमी करावा. बंद पडलेल्या गाडीमागे मात्र पुरेशा अंतरावर तांबडा त्रिकोण ठेवावा आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे उभे करावे. गाडीत बसून राहू नये, तिच्या मागेही उभे राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033, आणि कोणत्याही संकटात 112 हा क्रमांक पाठ असावा.

पुण्यात ‘टोइंग’ म्हटले की चुकीच्या जागी लावलेली दुचाकी उचलणारा टेम्पोच डोळ्यांपुढे येतो. पण गॅरेजवाल्यांचा शब्द आहे ‘टोचन’. इंग्रजीतला साखळदंड आपल्या कारागिरांनी असा मराठी करून घेतला. गाडी टोचन करणे हे दोन चालकांचे काम आहे. 1989 च्या रस्ता-नियमांत लिहिले होते की ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक हवा, दोन्ही गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर इतरांना सहज दिसला पाहिजे, आणि वेग ताशी 24 किलोमीटरपेक्षा जास्त नको. पुढे 2017 मध्ये नवी नियमावली आली, पण जुन्या नियमांतले शहाणपण आजही कामाचे आहे. मागच्या गाडीची किल्ली फिरवलेली असावी, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद होते. इंजिन बंद असल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतील, हे आधीच लक्षात घ्यावे. दोर बंपरला बांधू नये. पुष्कळ गाड्यांत जॅकजवळ एक लोखंडी कडी ठेवलेली असते. बंपरवरचे लहान झाकण काढून ती तिथे पिळून बसवायची. दोर ताणलेला असताना जवळ कोणी उभे राहू नये. ऑटोमॅटिक किंवा विजेवरची गाडी मात्र दोराने ओढू नये. तिची चाके रस्त्यावर फिरली तर आतले नुकसान होऊ शकते, म्हणून ती सपाट पाठीच्या गाडीवर चढवूनच न्यावी. आणि घाटात किंवा महामार्गावर स्वतः दोर बांधण्याचे धाडस करण्यापेक्षा क्रेनची वाट पाहिलेली बरी.

अब्बांच्या ट्रकला मोजून चार-दोन दिवे होते, नकाशा तर नव्हताच. ते कान रस्त्याला आणि इंजिनाला लावून असत. आवाज जरा बदलला की गाडी बाजूला घेत. आपल्याला आज पुष्कळ साधने मिळाली आहेत. ती कानांची आणि डोळ्यांची जागा घेण्यासाठी नाहीत, त्यांना मदत करण्यासाठी आहेत.

म्हणून एक विनंती. आज सुटीचा दिवस आहे. गाडीसोबत आलेली पुस्तिका बहुतेकांच्या घरी कोऱ्या पिशवीत तशीच पडून असते. ती काढा. घरातल्या चालवणाऱ्या सगळ्यांना, मुलामुलींना आणि सुनेलाही, खाली घेऊन जा. किल्ली फिरवा आणि एकेका दिव्याचे नाव सांगा. त्रिकोण, स्टेपनी आणि टोचनची कडी कुठे आहे, ते दाखवा. या सगळ्याला अर्धा तास पुरे. मग खुशाल सिंहगडाकडे निघा. उतरताना तेवढा गिअर खालचा ठेवा.