मार्गदर्शक पुस्तकांचे मोल

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त पनवेल येथे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या भाषणासाठी मला जो प्रश्न देण्यात आला आहे, तो वरवर पाहता लहान आहे. वस्तू कशी पारखून घ्यावी हे सांगणारी आणि एखादे काम कसे करावे हे शिकविणारी पुस्तके आज पुष्कळ निघतात. त्यांवर पैसे खर्च करणे योग्य आहे काय, असा तो प्रश्न. पंचवीस रुपयांची पुस्तिका असो वा पाचशे रुपयांचा ग्रंथ असो, ती रक्कम कोणाच्या तरी कष्टाची असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर हिशेब मांडूनच दिले पाहिजे.

जुने पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. चाक विकत घेणारा शेतकरी लाकूड ओळखत असे. आरे घट्ट बसले आहेत की नाही, धाव नीट चढविली आहे की नाही, हे तो हाताने आणि डोळ्यांनी तपासत असे. विकणाऱ्याइतकेच ज्ञान घेणाऱ्याजवळही होते. आज आपण शीतकपाट घेतो, पाण्याचा पंप घेतो, औषध घेतो, इमारतीतील सदनिका घेतो. यांपैकी एकाही वस्तूचे अंतरंग आपल्याला दिसत नाही. विकणाऱ्याला सर्व ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच ठाऊक नाही, अशी ही विषम स्थिती आहे. मार्गदर्शक पुस्तकांची गरज निर्माण झाली ती या स्थितीतून.

सल्ल्याचा खर्च कोण करतो?

अमेरिकेत १९२७ साली स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक या दोघांनी एक पुस्तक लिहिले. ग्राहकाने मोजलेल्या पैशाचा पुरता मोबदला त्याला मिळतो काय, हाच त्याचा विषय होता. त्या विचारातून पुढे १९३६ साली ‘कन्झ्युमर्स युनियन’ ही संस्था उभी राहिली. बाजारातून स्वतःच्या पैशाने वस्तू विकत आणायच्या, प्रयोगशाळेत तपासायच्या, निष्कर्ष मासिकात छापायचे आणि जाहिरात मात्र एकही घ्यायची नाही, असा तिने नियम घातला. इंग्लंडमध्ये १९५७ साली ‘विच?’ हे नियतकालिक याच धर्तीवर निघाले. आपल्याकडे मुंबईत १९६६ साली ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. वस्तूंच्या चाचण्या आणि ‘कीमत’ हे नियतकालिक यांच्या द्वारे तिने ग्राहकशिक्षणाचे काम केले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, गरजेच्या मालाची मागणी एकत्र नोंदवावी आणि पारखलेला माल वाजवी भावाने वाटून घ्यावा, ही रीत तिने रुजविली.

या सर्व संस्थांच्या कार्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सल्ला देण्यास खर्च येतो आणि तो खर्च कोणीतरी करीतच असतो. ग्राहकाने केला नाही तर विक्रेता करतो, आणि मग तो सल्ला विक्रेत्याच्या सोयीचा होतो. दुकानातील माहितीपत्रक आपल्याला मोफत मिळते. भ्रमणध्वनीवर वस्तूची वाखाणणी करणारी चित्रफीतही मोफत दिसते. परंतु अशा प्रसिद्धीचा खर्च अखेर वस्तूच्या किमतीतच धरलेला असतो. मोबदला घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्याने ती गोष्ट प्रेक्षकांना स्पष्टपणे सांगावी, यासाठी केंद्र शासनाला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. ऑनलाइन अभिप्राय खरे असावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १९०००:२०२२ हे मानक तयार केले. फुकट मिळणारा सल्ला किती तपासून घ्यावा लागतो, याचा याहून वेगळा पुरावा नको.

तेव्हा खरेदीविषयीचे कोणतेही पुस्तक हाती आले की पहिला प्रश्न असा विचारावा: हे कोणाच्या पैशावर तयार झाले? जाहिरातीची पाने त्यात आहेत काय? वस्तू तपासली कशी, कोठे आणि कोणत्या मोजमापाने, हे लेखकाने सांगितले आहे काय? निर्मात्यांची माहितीपत्रके एकत्र बांधून काढलेल्या पुस्तकाला मूल्य असते ते रद्दीचे. उलट, प्रामाणिक चाचणी छापणाऱ्या मासिकाची वर्गणी महाग वाटली तरी ती महाग नसते. वर्गणीदार आटले की चाचणी थांबते, आणि बाजारात केवळ विक्रेत्याचा आवाज उरतो.

तत्त्व टिकते, तपशील शिळा होतो

दुसरा प्रश्न काळाचा. वस्तूंची नावे आणि क्रम देणारे पुस्तक लवकर जुने होते. उदाहरण तारांकनाचे घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ही योजना २००६ साली सुरू झाली. शीतकपाटासारख्या उपकरणांचे निकष मधूनमधून कडक केले जातात आणि लेबलावर त्याचा कालावधी छापलेला असतो. निकष बदलले की कालचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे राहत नाहीत. मग चार वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील यादी पाहून खरेदी करणारा मनुष्य पुस्तकाचे पैसे घालवतोच, पण विजेच्या देयकातही भर घालतो. अशी पुस्तके विकत घेऊन कपाटात ठेवू नयेत. वाचनालयातून ताजा अंक आणावा, काम झाले की परत करावा.

काम शिकविणाऱ्या पुस्तकांचे तसे नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक वर्षे घराघरांत वापरले गेले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. त्याच्या प्रती आजही स्वयंपाकघरांत दिसतात. वाटी आणि चमचा ही प्रत्येक घरात असलेली मापे त्यात वापरली आहेत. त्यामुळे जिच्याजवळ तराजू नाही आणि शेजारी विचारायला वडीलधारे माणूस नाही, अशा नवख्या गृहिणीलाही ते उपयोगी पडले. चांगल्या पुस्तकाची ही खूण मानावी. वाचणाऱ्याजवळ जे आहे तेथून ते सुरुवात करते, मोजमाप नेमके देते आणि एकदा घेतले की दहा-वीस वर्षे राबते. अशा पुस्तकाचा खर्च वर्षांनी भागला तर तो चहाच्या पेल्याइतकाही उरत नाही.

पुस्तक आणि आपली जमीन

मात्र चांगले पुस्तकही सर्व ठिकाणी सारखे लागू पडत नाही. आपल्या तालुक्याच्या खाडीकाठी खारजमिनी आहेत. त्यांतील पुष्कळ जमिनींवर आता वस्ती झाली. तरीही जेथे भातशेती उरली आहे तेथील शेतकऱ्याला सर्वसाधारण भातशेतीच्या पुस्तकातील बियाणे आणि खतांचे प्रमाण जसेच्या तसे चालणार नाही. जमिनीत क्षार आहे, बांध फुटला तर भरतीचे पाणी आत येते. याच प्रश्नासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेलमध्ये आहे. क्षार सहन करणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे भाताचे वाण या कामातून पुढे आले. आपल्या गावाचे नाव धारण करणारे बियाणे आपल्याच केंद्राने दिले असताना, दूरच्या प्रदेशासाठी लिहिलेल्या पुस्तकावर विसंबून हंगाम घालविणे शहाणपणाचे नव्हे. पुस्तकातून शास्त्र शिकावे, माती मात्र आपली तपासून घ्यावी.

घराची खरेदी

पनवेलकरांच्या दृष्टीने सर्वांत मोठी खरेदी घराची. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली, २०२५ साली नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि चोहोबाजूंना नव्या इमारतींचे फलक उभे आहेत. आयुष्यभराची पुंजी, कधी जमिनीचा मिळालेला मोबदला, कधी वीस वर्षांचे कर्ज, एका सहीवर पणाला लागते. येथे पुस्तकाचा हिशेब अगदी वेगळा होतो. प्रेशर कुकर घेताना तीनशे रुपयांचे पुस्तक वाचून फार तर शे-दोनशे रुपये वाचतील. पुस्तक न घेणेच बरे. परंतु समजा पन्नास लाखांची सदनिका आहे. तेथे शंभरात एक रुपयाची चूक झाली तरी ती पन्नास हजारांची असते. करारातील शब्दांचा अर्थ समजावून सांगणारे पुस्तक या प्रसंगी निश्चित घ्यावे.

घ्यावे, पण छपाईचे वर्ष पाहून घ्यावे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’चे काम सुरू झाले. त्यापूर्वीची पुस्तके ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्रावर दर कसा काढावा हे शिकवतात. आता चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्या प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. अशा ठिकाणी अधिक सावध राहावे लागते. आणि जो प्रकल्प आपण घेणार, त्याची माहिती कोणत्याही पुस्तकात नसते. ती महारेराच्या संकेतस्थळावर, सातबाऱ्यात आणि फेरफारात असते. ती पाहण्यास पुस्तकाइतकाही खर्च येत नाही. प्रश्न कोणते विचारावेत हे पुस्तक शिकवते. उत्तरे सरकारी नोंदीतून काढावी लागतात.

सोन्याच्या बाबतीतही तेच. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या उपयोजनावर तो पडताळता येतो. आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांकही तेथेच तपासता येतो. ही साधने जनतेच्या पैशाने उभी राहिली आहेत. त्यांचा वापर न करता खाजगी पुस्तकांवर खर्च करणे म्हणजे घरची विहीर सोडून पाणी विकत आणणे होय.

एकट्याने नव्हे, गावाने

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही पुस्तके पैसे देऊन घेण्याजोगी आहेत काय? माझे उत्तर असे की, निवडक पुस्तके निश्चित आहेत. परंतु ती बहुधा एकट्या कुटुंबाने घेण्याची नाहीत. घर आयुष्यात एकदा घेतले जाते, पंप दहा वर्षांतून एकदा. एका कुटुंबाला ते पुस्तक एकदाच लागते. तेच गावाच्या वाचनालयात असेल तर दरवर्षी कोणाला तरी लागते. तीनशे रुपयांचे पुस्तक साठ कुटुंबांनी वापरले तर प्रत्येकी पाच रुपये पडतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ साली झाला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला अशा पुस्तकांचे एक कपाट तेथे असण्यास हरकत कोणती?

म्हणून पंचायत सदस्यांना विनंती आहे की, गावच्या वाचनालयात दहा-बारा चांगली मार्गदर्शक पुस्तके आणि चाचण्या छापणारे निदान एक नियतकालिक मागवावे, आणि जुन्या आवृत्त्या दरवर्षी काढून टाकाव्यात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून एखादे लेबल, एखादे वीजलेबल, एखादा करारनामा वाचून घ्यावा. घरात वाचू शकणारे पहिलेच माणूस ते मूल असेल, तर त्याच्या त्या अर्ध्या तासावर घरची पुंजी वाचू शकते. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयातील माहिती साध्या मराठीत दर्शनी भागी लावावी. नागरिकाला जी गोष्ट कार्यालयात सहज कळते, तिच्यासाठी त्याला पुस्तक विकत घ्यावे लागत नाही.

ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला आणि २०१९ साली नव्याने झाला. दोन्ही कायद्यांनी ग्राहकाचा माहिती मिळविण्याचा हक्क मान्य केला आहे. फसवणूक झाल्यावर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, आयोगाकडे दाद मागता येते. परंतु दाद मागण्याची वेळच येऊ नये, यासाठी आधी वाचलेली चार पाने अधिक उपयोगी पडतात. ती पाने आपल्या गावातील प्रत्येक घराला वेळेवर मिळावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.