शुद्ध रंगाचे छांदिष्ट

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरील चित्रे, फुलपाखरे. माणूस काय काय जमवील याला मर्यादा नाही. परंतु जमविलेली वस्तू पेटीत पडून असते आणि ती कोणास दाखवावयाची झाली म्हणजे दिवा लावावा लागतो, हा बहुतेक संग्रहांचा नियम. एक संग्रह मात्र असा आहे की तो दाखवावयाचा तर दिवा मालवावा लागतो. तो म्हणजे लेझर पॉइंटरांचा.

लेझर पॉइंटर ही वस्तू आता कोणास अपरिचित नाही. सभागृहात व्याख्याता पडद्यावरील नकाशावर लाल ठिपका फिरवितो, तो याच बोटभर कांडीने. पदपथावरील विक्रेत्याकडे किल्ल्यांच्या जुडग्यास अडकविलेली तीच कांडी अगदी स्वस्तात मिळते. शहाण्या माणसाला अशी एक कांडी पुरते. अमेरिकेत, युरोपात आणि आता इतरत्रही असे काही गृहस्थ आहेत की त्यांस वीस-तीस पुरत नाहीत. त्यांच्या पेटीत मखमलीच्या खाचा पाडलेल्या असतात आणि प्रत्येक खाचेखाली एक आकडा लिहिलेला असतो : ४०५, ४४५, ४७३, ५२०, ५३२, ६३५, ६५०. पाहुण्याला वाटावे, हे किमतीचे आकडे असतील. वास्तविक ती त्या त्या रंगाची तरंगलांबी असते, नॅनोमीटरमध्ये मोजलेली. आणि संग्राहकाच्या दृष्टीने कांडीचे खरे नाव तेच.

या आकड्यांत एवढे गुंतण्यासारखे काय आहे? आपण ज्याला लाल किंवा हिरवा म्हणतो तो रंग बहुधा शुद्ध नसतो. जास्वंदीच्या तांबड्यात नारिंगीची मिसळ असते. सिग्नलच्या हिरव्या दिव्यात हिरव्याच्या शेजारचे अनेक रंग दाटीवाटीने उभे असतात. इंद्रधनुष्यात रंग सुटे झालेले दिसतात खरे, पण एक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. लेझरच्या शलाकेत मात्र जवळजवळ एकच तरंगलांबी असते. गाण्याच्या मैफलीत तानपुऱ्याची एकच तार तेवढी ऐकू यावी, तसा तो रंग. ज्याने तो अंधाऱ्या खोलीत प्रथमच पाहिला, त्याला इतर सर्व रंग काहीसे मळकट वाटू लागतात. या छंदाचे मूळ येथे आहे. कांडीचा उपयोग काय, हा प्रश्न पुष्कळ पुढे उद्भवतो.

आणि तो उशिराच उद्भवावा, हे लेझरच्या कुळाला धरूनच आहे. उत्सर्जनाचे हे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले. अमेरिकेत मॅलिबू येथील ह्यूजेस प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिली लेझर शलाका काढली ती १६ मे १९६० रोजी. तेव्हा त्यांचे सहकारी अर्नी डी'हेनन्स थट्टेने म्हणाले होते की, हे उत्तर तयार आहे, आता प्रश्न शोधावयाचा. प्रश्न पुढे इतके सापडले की त्यांची गणती राहिली नाही. चारच वर्षांनी, १९६४ साली, कार्बन डायॉक्साइड वायूचा बलवान लेझर बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला. पोलाद कापणाऱ्या यंत्रांत त्याचा फार उपयोग झाला. तो सिद्ध करणारे चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, हे पुष्कळ मराठी माणसांस ठाऊक नसते. खिशात मावणारी कांडी यावयास अजून बराच अवधी होता. आरंभीचे पॉइंटर वायूच्या नळीचे, जड आणि शेकडो डॉलर किमतीचे होते. अर्धवाहकाचा इवलासा डायोड स्वस्त झाला तेव्हा ही चैन सामान्यांच्या आवाक्यात आली.

संग्राहकाची पहिली आवड बहुधा हिरव्या कांडीवर जडते, आणि तिची अंतर्रचना पाहिली म्हणजे ते यथार्थही वाटते. लाल कांडीत डायोडमधून सरळ लाल प्रकाश निघतो. तीत कौतुक करावे असे थोडेच. जुन्या धाटणीच्या हिरव्या कांडीत मात्र डायोड देतो तो ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा प्रकाश. तो निओडिमियम मिसळलेल्या एका बारीक स्फटिकावर पडतो आणि त्यातून १०६४ नॅनोमीटरची, पूर्णपणे अदृश्य अशी दुसरी शलाका निघते. ही दुसऱ्या स्फटिकात शिरली की तिचे दोन-दोन प्रकाशकण मिळून एक-एक होतात, तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२ नॅनोमीटरचा झगझगीत हिरवा रंग बाहेर पडतो. अदृश्यात अदृश्य मिळवून दृश्य करण्याची ही करामत बोटाएवढ्या नळीत, दोन लहान विद्युत्घटांवर चालते! ही रचना नाजूकही तितकीच. थंडीच्या रात्री डायोडचा रंग किंचित सरकतो, पहिल्या स्फटिकाशी त्याचे जुळेनासे होते आणि हिरवी शलाका मंदावते. म्हणून आकाशदर्शनाला जाणारे लोक ही कांडी शर्टाच्या आतल्या खिशात उबेला ठेवतात.

आकाशदर्शन हा या कांडीचा सर्वांत सुंदर उपयोग होय. माणसाचा डोळा हिरव्या रंगाला अधिक जागा असतो आणि हवेतील धूलिकण व रेणू त्या शलाकेचा अल्पांश इकडेतिकडे विखुरतात, त्यामुळे ती जमिनीपासून थेट ताऱ्यापर्यंत ताणलेल्या दोरीसारखी भासते. पूर्वी मार्गदर्शक म्हणे, “त्या झाडाच्या शेंड्यापासून दोन विती वर पाहा,” आणि वीस माणसे वीस निरनिराळे तारे पाहत. आता अनुराधा म्हणजे नेमकी कोणती, याबद्दल वाद राहत नाही.

घरगुती प्रयोगांची तर मौजच निराळी. डोक्याचा एक केस लाल शलाकेच्या वाटेत ताणून धरला की समोरच्या भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. ६५० नॅनोमीटरची कांडी असेल, भिंत केसापासून २ मीटरवर असेल आणि लागोपाठचे काळे पट्टे २ सेंटिमीटर अंतराने पडले असतील, तर केसाची जाडी ०.०६५ मिलिमीटर हे त्रैराशिकाने निघते. गाण्याच्या जुन्या तबकडीवर, म्हणजे सीडीवर, दर मिलिमीटरला सुमारे ६२५ रेषा असतात. तिच्यावरून शलाका परावर्तित करून कोन मोजला की विक्रेत्याने लिहिलेला आकडा खरा की खोटा, याचा निवाडा घरच्या घरी होतो. भिंतीवरच्या ठिपक्यात रवाळ चमक दिसते, तीही काही सांगून जाते : चष्मा काढून डोके हळूच उजवीकडे नेले असता ते रवे डावीकडे सरकले, तर लांबचे अंधुक दिसण्याचा दोष आहे, डोक्याच्याच दिशेने सरकले, तर त्याउलट. मांजरापुढे ठिपका नाचवून त्यास व्यायाम देण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत १९९५ साली रीतसर पेटंट देण्यात आले आहे. सरकारी दप्तरांत काय काय सापडेल, याचा नेम नाही.

जांभळ्या कांडीपाशी आले की संग्राहकाचा आवाज बदलतो. ४०५ नॅनोमीटरचा तिचा ठिपका डोळ्यांस मंदच दिसतो. पण वाटीत थोडी हळद तेलात कालवून तीवर तो टाकला की ती पिवळ्या-हिरव्या तेजाने उजळते. मुलांच्या खोलीच्या छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या चिकटवितात, त्या पदार्थाचा पत्रा घेऊन त्यावर या शलाकेने लेखणीसारखे लिहावे, अक्षरे मिनिटभर तेवत राहतात. आता त्याच पत्र्यावर लाल शलाका आणावी. मंद आणावी, प्रखर आणावी, शंभरपट प्रखर आणावी; अक्षर उमटत नाही. लाल प्रकाशाचा एकेक कण त्या कामास अपुरा पडतो, आणि अपुऱ्या कणांची कितीही मोठी फौज जमविली तरी एका पुरेशा कणाचे काम होत नाही. पुंजवादाचा हा धडा महाविद्यालयात फळ्यावर समीकरणांनी शिकवितात. येथे तो जांभळ्या अक्षरांनी शिकता येतो. आपल्या देशाला हे वेड परके नाही. प्रकाश विखुरताना त्याचा रंग बदलतो हे १९२८ साली कलकत्त्यात दाखवून देणारे चंद्रशेखर व्यंकट रामन स्वतः मोठे संग्राहक होते. हिरे, स्फटिक, खनिजे, फुलपाखरे त्यांनी रंगांच्याच ओढीने जमविली; बंगळूरच्या त्यांच्या संस्थेत तो संग्रह जतन केलेला आहे. रामन परिणाम हिरव्या कांडीने घरी पाहण्याची खटपट करणारे छांदिष्ट आज आहेत, हे त्यांना आवडले असते असे मानावयास हरकत नाही.

परंतु या छंदाला दुसरीही एक वाट फुटते, आणि ती निसरडी आहे. रंगाऐवजी जोर जमवावा, असे काहींस वाटू लागते. २०१० च्या सुमारास कॅसिओ कंपनीचे असे प्रक्षेपक बाजारात आले की एकेकात चोवीस निळे डायोड होते. छांदिष्टांनी नवेकोरे प्रक्षेपक फोडून ते काढले आणि हातकांड्यांत बसविले. एकेका डायोडची शक्ती एक वॅटच्या आसपास, म्हणजे अमेरिकेत पॉइंटरला अनुज्ञेय असलेल्या ५ मिलिवॅटच्या सुमारे दोनशेपट. अशा शलाकेने काडी पेटते, फुगा फुटतो, लाकडावर नाव कोरता येते. हे सर्व एकदा करून झाले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. उरतो तो अधिक जोराचा हव्यास. ज्याने रंग जमविले त्याला नवी कांडी नवे काही दाखविते. ज्याने जोर जमविला त्याला ती तीच काडी किंचित लवकर पेटवून देते.

धोका डोळ्याला आहे, आणि तो फसवा आहे. डोळ्यातील भिंग ही बारीक शलाका दृष्टिपटलावर सूक्ष्म बिंदूत एकवटते. मिलिवॅटभर प्रकाश असला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि बहुधा निभावते. एक वॅटच्या शलाकेपुढे पापणीला वेळच मिळत नाही. दृष्टिपटलाला वेदना नसते, त्यामुळे इजा झाल्याचे पुष्कळदा मागाहून कळते. हिरव्या कांडीत दडलेला अवरक्त प्रकाश गाळणारी काच स्वस्त मालात वगळलेली असते; तो बाहेर पडतो आणि दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ पॉइंटर तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल्यांपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षा-नियमांत बसत नव्हते. लेबलावर ५ मिलिवॅट लिहिले म्हणजे आत ५ मिलिवॅट असतात, अशा भाबडेपणाला येथे जागा नाही. म्हणून जाणता संग्राहक नवागताला दोन वस्तू आधी घ्यावयास लावतो : त्या त्या तरंगलांबीसाठीच बनविलेला संरक्षक चष्मा आणि शक्तिमापक. मापक कधीकधी कांडीहून महाग पडतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्या संग्रहाला हे लोक संग्रह मानीत नाहीत.

स्वतःच्या डोळ्याची जोखीम एक वेळ ज्याची त्याने घ्यावी; विमानातील प्रवाशांची कोणी घ्यावी? शलाका दिसते तितकी सरळ राहत नाही. किलोमीटरभर अंतरावर ती सुमारे मीटरभर रुंद होते, वैमानिकाच्या समोरच्या काचेवर पडली की सारी काच पेटल्यासारखी होते, आणि हे घडते ते नेमके उतरण्याच्या क्षणी. एकट्या अमेरिकेत २०२३ साली अशा १३,३०४ तक्रारी नोंदल्या गेल्या. तेथे २०१२ पासून या कृत्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सिडनीत उतरणाऱ्या विमानांवर २००८ साली शलाका रोखल्या गेल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ मिलिवॅटहून अधिक शक्तीच्या पॉइंटरांवर कडक निर्बंध घातले. पुण्यातही गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील लेझर झोतांवर पोलिसांना २०२४ साली बंदी घालावी लागली; ते झोत कांडीचे नव्हते, पण डोळे तेच होते.

अशा कायद्यांचा जाच प्रथम होतो तो निरुपद्रवी माणसाला. उपद्रवी माणूस परवाना मागावयास येतच नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने खगोलमंडळांच्या सभासदांसाठी सवलत ठेवली, ती म्हणूनच समंजसपणाची वाटते. केवळ रंगांसाठी कांड्या जमविणाऱ्याला कोणत्या मंडळात घालावयाचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही नियमावलीत नीट बसत नाही. त्याला आकाशाकडे कांडी रोखावयाचीच नसते. त्याला हवी असते एक खिडक्या बंद केलेली खोली, पांढरी भिंत आणि थोडा वेळ.

त्या पेटीतील एक खाच बहुधा दीर्घकाळ रिकामी असते. ती पिवळ्याची. लाल, हिरवा, निळा, जांभळा हे रंग डायोड सरळ देतो. पिवळा तसा मिळत नाही. १०६४ आणि १३४२ नॅनोमीटरच्या दोन अदृश्य शलाका एका स्फटिकात मिळवून ५९३.५ नॅनोमीटरचा, पिवळा म्हणावा की नारिंगी असा रंग काढावा लागतो. त्यात बहुतेक शक्ती वाया जाते, किंमत फार पडते आणि शलाका लुकलुकते. लाल डायोड द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून त्याला नारिंगीकडे ओढून आणण्याचेही प्रयोग झाले. डायोड बाहेर काढून उबेला आला की पुन्हा लाल. तरीही खाचेखाली आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो.