घर बांधा, ग्रंथालयही उभे करा



माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. पण आज गावाबाहेर जे मजले चढत आहेत, तिथल्या मुलांनी पुस्तके कुठे शोधावीत? मद्रासने १९४८ च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय-कर बसवला. आपल्या १९६७ च्या कायद्यात तो नाही, भिस्त सरकारी अनुदानावर. १९९६ च्या कायद्याने मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम-खर्चावर उपकर बसला. इमारती काही थांबल्या नाहीत. तसाच अल्प आकार ग्रंथालयांसाठी बिल्डरांकडून घ्यावा. तो बोजा गिऱ्हाइकावर पडेल, हे खरे. पण लिफ्टचे पैसे देणारा पुस्तकाचेही देईल. मात्र या पैशाचा हिशेब निराळा ठेवा. संघटनेत मी एवढे शिकलो, की पेटी वेगळी नसली तर पैसा भलतीकडेच जातो.