वरून काय नि खालून काय?

आज आम्ही विमानाबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात विमान कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. ते आमच्या मासिक बैठकीतून आलं. गटातल्या एका ताईंनी 60 हजारांचं कर्ज मागितलं आणि अर्जात कारण लिहिलं, 'मुलीचे विमानाचे तास'. आजवर त्या रकान्यात आंब्याच्या पेट्या, काजूची बी, शिलाई मशीन, घराची कौलं, फार तर बाळंतपण. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत बसलो.

मुलगी बारावी झालेली, गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन. तिला वैमानिक व्हायचंय. तिने मोबाईलवर ऐकलं की हवाई छायाचित्रणाची कामं करून उड्डाणाचे तास भरता येतात. त्यात ड्रोन शिकवणाऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, तिला सांगण्यात आलं की ड्रोन शिक, फोटोची कामं घे, पैसेही मिळतील आणि तासही जमतील. ताई म्हणाल्या, "तासच भरायचेत ना गो, मग वरून काय नि खालून काय?"

आम्ही हसलो खऱ्या, पण उत्तर एकीकडेही नव्हतं. म्हणून कर्ज पुढच्या बैठकीपर्यंत थांबवलं आणि चौकशीला लागलो.

आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवायला 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. प्रत्येक उड्डाण नोंदवहीत लिहायचं, तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ, आणि ते तपासलं जातं. आपल्या गटाची वही जशी, तशीच. आता त्या वहीत तास चढतो तो विमानात बसून केलेल्या उड्डाणाचा. जमिनीवर उभं राहून ड्रोन उडवला तर त्याचा एक मिनिटही त्यात धरत नाहीत. ड्रोनचे नियम 2021 चे, वेगळे. त्याचं प्रमाणपत्र वेगळं. एका गटाची बचत दुसऱ्या गटाच्या वहीत चढत नाही, एवढं साधं आहे. पण सांगणाऱ्याने ते सांगितलं नाही.

मग मोबाईलवरचं ते खोटं होतं का? तेही नाही. ते अमेरिकेतलं होतं. तिकडे साधारण 250 तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो, पण मोठ्या प्रवासी विमान कंपनीत जायला बहुतेकांना 1500 तास लागतात. मधली दरी भरायला तिकडची मुलंमुली छोट्या विमानातून सर्वेक्षणाची, छायाचित्रणाची नोकरी करतात. काम कंटाळवाणं असतं म्हणे. विमान ठरलेल्या उंचीवर, सरळ रेषेत, शेत नांगरल्यासारखं जात-येत राहायचं. एक फोटो दुसऱ्यावर निम्म्याहून जास्त चढला पाहिजे, शेजारच्या ओळीवरही थोडा. आपल्या मंगलोरी कौलांसारखंच, चढ कमी पडला की गळती. तासन्‌तास रेषा न सोडणं, वाऱ्याला न जुमानणं, हा हात त्यातून बसतो. म्हणून त्या तासांना मान आहे.

आपल्याकडे मात्र खाजगी परवान्यावर पैसे घेऊन उडता येत नाही. फोटोचं काम करायचं तरी सीपीएल आधी हवं. म्हणजे पहिले 200 तास पैसे मोजूनच, आणि तो खर्च 40-50 लाखांच्या घरात जातो. हा आकडा बैठकीत वाचला तेव्हा ताई काही बोलल्या नाहीत. मुलगीही आली होती, ती खाली बघत राहिली. आम्हालाही वाईट वाटलं, पण 60 हजार चुकीच्या वहीत गेल्यावर कळण्यापेक्षा हे बरं, असं आमचं मत.

अशक्य आहे, असं मात्र कोणी म्हणू नये. 1985 साली इंडियन एअरलाइन्सचं कोलकाता ते सिल्चर हे विमान सगळ्या बायकांनी नेलं, त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. आपल्याच मराठी आडनावाची बाई.

आणि ड्रोनही वाईट नाही, तो वेगळा धंदा आहे. गावठाणाच्या मोजणीसाठी गल्लीत चुन्याच्या रेघा मारून वरून ड्रोन फिरवतात, ती 2020 ची स्वामित्व योजना. (मिळकत पत्रिकेवर आपलं नाव लागलं का, ते आधी बघा हो.) बचत गटांना फवारणीचे ड्रोन देणारी नमो ड्रोन दीदी योजना आहे, त्यात 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख मदत आणि 15 दिवसांचं प्रशिक्षण. लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढायचे तरी 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी दहावी पास आणि 18 वर्षं पूर्ण हवीत. रत्नागिरीत विमानतळ आहे, तेव्हा उडवण्याआधी डिजिटल स्कायवरचा नकाशा बघायचा. हिरव्या भागात साधारण 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाजवळ हिशेब वेगळा. आणि कोकणातला पावसाळा धरून वर्षाची कमाई मांडा. चार महिने यंत्र पेटीतच राहील, हप्ता राहणार नाही.

पुढच्या बैठकीत मुलगीच बोलली. तिला ड्रोन नको, विमानच हवं. मग आम्ही म्हटलं, आधी वैद्यकीय तपासणी कर. वैमानिकाला ती ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडूनच करावी लागते. डोळे, कान, रंग ओळखणं, तिथेच अडलं तर बाकीचे लाख वाचतील. पास झाली तर शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्ती यांची चौकशी आम्ही सोबत जाऊन करू.

ताईंनी जुना अर्ज फाडला नाही, त्याच कागदावर 60 हजार खोडून तपासणीची फी आणि जाण्यायेण्याचं भाडं लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. मंगळवारी रात्रीच्या गाडीने मायलेकी निघणार आहेत.